यादीत नसलेली विनाशिका

१२ ऑगस्ट १९२३, नागाउरा खाडी

नौदल ठाण्याचा कारकून आज होडीतून आला. पायात पांढरे मोजे. शिडी चढताना दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा माझ्याकडे रागाने बघितलं, जणू शिडी मीच तिरकी करून ठेवली होती.

"'आसामोया'ची सेवा-हकिगत लिहून हवी आहे," तो म्हणाला. "बांधणी, नेमणुका, लढाया, दुरुस्त्या. दोन पानं. सप्टेंबरअखेर."

"दोन पानांत हिचा एक बॉयलरसुद्धा मावायचा नाही."

"बॉयलर नकोत, इसोगाईसान. तारखा हव्यात."

म्हणून ही वही केली. कच्चं इथे, पक्कं त्याच्या कागदावर. हकिगत माझ्याखेरीज कोण लिहिणार? चोवीस वर्षांपूर्वी थेम्स नदीच्या काठी मी या विनाशिकेवर साधा आगवाला म्हणून चढलो, बॉयलरमध्ये कोळसा मारायला. वॉरंट अधिकारी होऊन निवृत्त झालो. एप्रिलमध्ये तिचं नाव नौदलाच्या यादीतून कमी झालं तेव्हा राखणदार हवा होता. मी आपण होऊन हात वर केला. बायको गेल्यापासून घरी तरी कोण आहे? मेहुणी पत्रावर पत्रं धाडते, नुमाझुला येऊन राहा म्हणते. मला वेळ नाही.

जहाजावर आम्ही दोघंच. मी, आणि सेकिने. सेकिने जुना टॉर्पेडोवाला. डाव्या हाताची दोन बोटं दोरखंडाच्या चाकात गेली. आता भात शिजवतो आणि टोमणे मारतो.

१६ ऑगस्ट

भंगारवाल्या कंत्राटदाराने माणूस पाठवला. जहाज पुढेमागे तोडायला जायचंच आहे, तोवर पितळ काढून घ्यायचं म्हणे. नाव कानेमोतो. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. सरळ बॉयलरघरात उतरला आणि तीन नंबरच्या बॉयलरची मुख्य झडप खोलायला लागला. मी वरून ओरडलो, "अरे, ती इंग्लंडची आहे! हळू!"

तो थांबला. खिशातून फडकं काढून झडपेखाली धरलं, मग पाना फिरवला. चोर असला तरी हात चांगला आहे.

गाव विचारलं तर म्हणाला, "समुद्राकडे."

"समुद्राकडे म्हणजे कुठे?"

"डोंगरावर चढलं की त्सुशिमा दिसतं, चीफसाहेब."

त्सुशिमा बेटाच्याच बाजूचा असणार. तिकडच्यांची बोली जरा विचित्रच असते. हा 'जहाज'ला 'चहाज' म्हणतो. सेकिने एरवी कुणाची जीभ सोडत नाही, पण याची नक्कल केली नाही. उलट जेवताना त्याच्या वाडग्यात जास्तीचं लोणचं घातलं.

२१ ऑगस्ट

हकिगत झपाट्याने चालली आहे. १८९९ : थेम्सवरून सुवेझमार्गे योकोसुका. (तांबड्या समुद्रात बॉयलरघरात चार माणसं बेशुद्ध पडली. हे कारकुनाला नको असणार.) १९०४ : पोर्ट आर्थरची नाकेबंदी, सबंध हिवाळाभर डेकवर बर्फ, खाली भट्टी. १९०५चा वसंत : कोरियाच्या दक्षिणेला चिन्हेच्या आखातात नांगर टाकून रशियन आरमाराची वाट बघत होतो. मग मे महिन्यात त्सुशिमाची लढाई. पहिली रशियन युद्धनौका मी कधी पाहिली माहीत आहे का? लढाई संपल्यावर, दुसऱ्या दिवशी. तोवर मी खालीच होतो. पण रशियन आरमार बुडालं ते आमच्या वाफेवर.

चिन्हेचं मोठ्याने वाचून दाखवत होतो. कानेमोतो झडपा पोत्यात भरत होता. मध्येच म्हणाला, "तुमच्या दुसऱ्या धुराड्याला पोचा होता ना तेव्हा? डाव्या अंगाला."

मी चाटच पडलो. तो पोचा पोर्ट आर्थरला पडला आणि त्सुशिमानंतर काढला. जेमतेम वर्षभराची गोष्ट. "तुला कसं माहीत?"

"बघितलं होतं. सतरा वर्षांचा होतो."

सेकिनेने एकदम भांडं आपटलं आणि भात करपला म्हणून ओरडला. भात करपला नव्हता. सेकिने म्हातारा होत चाललाय.

मला मात्र आनंद झाला. कुणीतरी आमच्या धुराड्यांकडे बघत होतं तर.

२९ ऑगस्ट

एक, तीन आणि चार नंबरचे बॉयलर उघडे पडले. दोन नंबरचा शनिवारी काढायचा आहे. कानेमोतो प्रत्येक झडपेवर खडूने खूण करतो. वर्तुळं आणि काठ्या, लहान पोराने काढल्यासारख्या. शाळेत गेलेला दिसत नाही. पण कुठली झडप कुठली हे एकदाही चुकत नाही.

कोळशाच्या कोठीत अजून बराच कोळसा पडून आहे. तो न्यायला कुणी आलं नाही. मीही आठवण केली नाही.

२ सप्टेंबर

काल काय झालं ते आधी लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

दुपारचे बारा वाजायला आले होते. सेकिने चूल फुंकत होता, कानेमोतो दोन नंबरची झडप खोलून वर आला होता. एकाएकी पाणी उसळलं. वारा नाही, लाट नाही. खालून कुणी ठोसे मारावेत तशी आसामोया आडवी हलायला लागली. किनाऱ्याकडे बघितलं. टेकडी खाली येत होती. घरं, झाडं, पायऱ्या, सगळी टेकडीच घसरत आली आणि रस्त्यावर बसली. मग आवाज आला. मग धूळ, इतकी की सूर्य तपकिरी झाला.

थोड्या वेळाने ठाण्याच्या बाजूला धूर दिसला. तेलाच्या टाक्या फुटल्या होत्या. तेल पाण्यावर पसरलं आणि पेटलं. समुद्र जळताना मी पहिल्यांदा बघितला. आग आमच्या दिशेने येत होती, सावकाश, माणूस रमतगमत चालतो तशी.

सेकिने म्हणाला, "होडी आहे. तिघं मावतो. चल."

"आणि हिला?"

"हिला असंही तोडायचंच आहे ना रे!"

"तोडायचं आहे. जाळायचं नाही."

मी कानेमोतोकडे वळलो. "दोन नंबरची झडप परत बसवायला किती वेळ लागेल?"

त्याने पोतं उलटं केलं. पितळ डेकभर झालं. खुणा बघून पाच तुकडे उचलले आणि शिडीवरून खाली उडीच मारली. "तुम्ही आग लावा, चीफसाहेब. तुमचं पाणी तापेतो बसवतो."

हातपंपाने बॉयलरमध्ये पाणी भरलं. तुटक्या खुर्च्या, कपाटाची दारं, सेकिनेचा पाट, हाताला लागेल ते भट्टीत घातलं, वर कोळसा. पाण्याच्या नळ्यांचा बॉयलर आहे, जुन्या पिंपासारखा अर्धा दिवस लावत नाही. काटा हलेना तेव्हा मात्र मनात आलं, इसोगाई, तुझ्या हट्टापायी दोन माणसं भाजून मरणार. मग काटा हलला.

कानेमोतोने फावडं घेतलं आणि मी बघतच राहिलो. कोळसा टाकण्याची कला असते; ढीग करून चालत नाही, जाळीवर चादर अंथरल्यासारखा पातळ पसरावा लागतो. याच्या फावड्यातून तो पंख्यासारखा निघत होता.

"कुठे शिकलास?"

"खाणीत. मग कोळशाच्या बोटीवर."

"आणि आधी नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला चोर म्हणत होता."

तासाभरात वाफ झाली. जहाज ज्या तरंगत्या बोयाला बांधलं होतं त्याची साखळी सेकिनेने सोडली आणि सुकाणू धरलं. एका बॉयलरवर, एका इंजिनावर, तीन माणसांनिशी आसामोया हलली. एके काळी हिला पंचावन्न माणसं लागत! धक्क्याच्या टोकाला लोक पाण्यात उड्या मारत होते. दोरीच्या शिड्या सोडून जमेल तेवढे घेतले. बाया, म्हातारे, एक न्हावी वस्तऱ्यासकट. सेकिनेने एकशे चौदा मोजले. मी खालीच होतो. पाठीमागे आमचा बोया जळत होता म्हणे.

बंदराच्या भिंतीबाहेर नांगर टाकला. वर येऊन हवा घेतली. एक म्हातारी म्हणाली, "बाबा, हे कुठलं जहाज?"

"आसामोया. थेम्सची बांधणी."

तिने हात जोडले. थेम्स हा कुणीतरी देव असावा असं तिला वाटलं.

३ सप्टेंबर

लोकांना मोठ्या जहाजांवर उतरवलं. इथे पाण्याचे हाल आहेत. नळ फुटले, विहिरी गढूळल्या. पण माझ्याकडे समुद्राच्या पाण्याची वाफ करून गोडं पाणी करायचं जुनं यंत्र आहे, आणि ते चालतं. सकाळपासून तेच करतोय.

दुपारी लाँचमधून एक तरुण अधिकारी आला. डोळे लाल, चेहरा काजळलेला.

"कुठलं जहाज? तुमचं नाव माझ्या यादीत नाही."

"यादीतून एप्रिलमध्ये काढलं, साहेब. जहाजाला कळवलेलं नाही."

तो हसला. बहुधा तीन दिवसांत पहिल्यांदा. मग म्हणाला, द्वीपकल्पाच्या पलीकडच्या अंगाला आराहामा नावाचं कोळ्यांचं गाव आहे, रस्ता तुटलाय, पाणी नाही. पाणी आणि तांदूळ पोचवाल का? मी सलाम ठोकला. कोळशाच्या बोटीने विचारपूस न करता टोपल्या दिल्या.

तीन माणसं आणि एक बॉयलर. मी अॅडमिरल झालो तरी यापेक्षा मोठा झालो नसतो.

४ सप्टेंबर

आराहामा. गावाची अर्धी घरं भूकंपाने पाडली आणि बाकीची समुद्राने नेली. धक्का शाबूत होता. पण धक्क्यावर वीसएक माणसं उभी, हातात टोकदार बांबू आणि आग विझवायचे आकडे. म्होरक्या पिंपं बनवणारा होता, कपाळाला फडकं बांधलेलं.

"कोरियन लोकांनी विहिरींत विष घातलंय," तो म्हणाला. "वरच्या गावातून निरोप आलाय. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तपासायचं. जहाजावर किती माणसं?"

"तीन. आणि पाणी. आधी पाणी उतरवून घ्या."

"आधी माणसं."

मूर्खपणा! मी विहिरीचं पाणी आणायला लावलं. बॉयलरवाल्याकडे खार तपासायची बाटली असतेच. एक थेंब टाकला की खारं पाणी दुधासारखं होतं. सगळ्यांसमोर थेंब टाकला. पाणी दुधाळ झालं.

"हे विष नाही. मीठ आहे. तुमच्या विहिरीत समुद्र शिरलाय. चाखा."

काहींनी चाखलं, थुंकले, माना डोलावल्या. पिंपवाला मात्र हटेना. "तुमच्या माणसांना बोलायला लावा. 'जपानी जहाज जेटीला लागलं' असं म्हणायचं."

सेकिनेने म्हटलं. मग सगळे कानेमोतोकडे बघायला लागले. तो भट्टीतून नुकता वर आलेला, उघडा, काळा ठिक्कर, ओठ फुटलेले. गप्प उभा. सेकिनेचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं ना, म्हातारा झालाय.

आणि माझं डोकं फिरलं. वाफ चढलेली, पिंपांतलं पाणी तापतंय, तांदळाला ऊन लागतंय आणि हे लोक उच्चार तपासताहेत!

"हा माझा आगवाला आहे," मी ओरडलो. "तीन दिवस धुराशिवाय काही खाल्लं नाही त्याने. जीभ सुजली आहे. हा त्सुशिमाच्या बाजूचा माणूस, त्सुशिमाच्या लढाईपासून या जहाजाला ओळखतो! याला हात लावाल तर आत्ता साखळी सोडतो आणि पाणी परत नेतो. मग प्या समुद्र."

मागून एक बाई किंचाळली, "अहो, पाणी उतरवा आधी! पोरं तडफडताहेत!"

पिंपवाल्याने बांबू खाली केला.

सत्तावीस पिंपं उतरवली. होड्यांच्या पडवीत एका माणसाला खांबाला बांधून ठेवलेलं होतं. चोर असावा. कोण म्हणून विचारावं असं मनात आलं, पण पिंपं उतरवायची होती. कानेमोतो त्याच्याकडे बघत होता आणि तो कानेमोतोकडे. कुणीच काही बोललं नाही.

परत येताना कानेमोतोने भाताला हात लावला नाही. उन्हाने भूक मेली असेल. पण एकंदरीत दिवस झकास गेला.

५ सप्टेंबर

झकास गेला असं काल लिहिलं. खोडत नाही. राहू दे तसंच.

आज यंत्र साफ करताना मी सेकिनेला म्हटलं, "कानेमोतोला तू नीट जेवायला घाल, त्सुशिमाची माणसं लाजाळू असतात."

सेकिनेने हातातला ब्रश खाली ठेवला. "इसोगाई, तू खरंच बावळट आहेस की सोंग करतोस?"

"काय झालं?"

"त्सुशिमा दिसतं म्हणाला तो. कुठून दिसतं? पलीकडून! कोरियाच्या किनाऱ्यावरून! चोवीस वर्षं नकाशे बघतोयस ना?"

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, काल तुलाही कळलंय. म्हटलं काय छाती आहे आमच्या चीफची, डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलला. आणि तू तर खरंच बोलत होतास!"

मी खाली जाऊन बसलो. इंजिनात कुठला खिळखिळा बोल्ट वाजतोय ते मला वरून ऐकू येतं. तीन आठवडे शेजारी जेवणारा माणूस ऐकू आला नाही.

मग पडवीतला माणूस आठवला. चोर नव्हता तो.

६ सप्टेंबर

उजाडताच अधिकाऱ्याला सांगितलं, आराहामाला आणखी पाणी लागणार. तो म्हणाला, न्या. कानेमोतोला म्हटलं, तू इथे दुसऱ्या बोटीवर थांब.

"वाफ कोण धरणार?"

"मी धरेन. आगवालाच होतो."

"तुम्ही एकावन्न वर्षांचे आहात, चीफसाहेब," म्हणाला आणि फावडं घेतलं. पण धक्क्याला लागल्यावर वर आला नाही. मीच येऊ दिलं नाही.

सगळा वेळ मनात म्हणत होतो, पाण्याच्या बदल्यात त्या बांधलेल्या माणसाला मागून घेईन. मला ते जमलं असतं. परवाही जमलं असतं.

पडवी रिकामी होती. खांबाभोवती ओली वाळू नवीन टाकलेली, फावड्याने सारखी केलेली.

"तो माणूस कुठे?" मी पिंपवाल्याला विचारलं.

"गेला."

"कुठे गेला?"

"गेला म्हटलं ना." तो माझ्याकडे बघत नव्हता. "पाणी उतरवायचं का?"

उतरवलं. पोरांचं तोंड बघून उतरवलं. एक बाई बादली भरताना खाली मान घालून पुटपुटली, "दोन वर्षं बांधावर काम करत होता. आमच्या पोरीला खांद्यावर घ्यायचा." बादली अर्धी भरली तशीच उचलून ती निघाली.

बॉयलरघरात उतरलो. कानेमोतोने तोंड बघितलं आणि ओळखलं. भट्टीचं दार उघडलं, एक फावडं टाकलं, दार लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा टाकलं. वाफ पुरेशी होती. मी थांबवलं नाही.

मी म्हटलं, "परवा मी विचारलं नाही."

"मीही विचारलं नाही," तो म्हणाला. "माझी तर भाषा तीच होती."

१४ सप्टेंबर

आराहामाच्या वाऱ्या संपल्या. भट्टी विझवली, आणि जुन्या जळक्या बोयाला परत आलो. कोरियन लोकांना गोळा करून छावण्यांत नेताहेत, त्यांच्याच रक्षणासाठी म्हणे. कुणाच्या हातून कुणाच्या हातात, याची मला खात्री वाटत नाही. मी कानेमोतोला जहाजावरच ठेवलं आहे. कुणी विचारलं तर, माझा आगवाला.

त्याचं खरं नाव किम मानसोक. गोजे बेटावरचा. चिन्हेच्या आखाताच्या तोंडाशी आहे ते. म्हणजे १९०५च्या वसंतात आम्ही ज्यांच्या दारात नांगर टाकला त्यांच्यातला तो.

"रोज बघायचो तुम्हाला," तो म्हणाला. "आमच्या जाळ्यांच्या काठ्या तुमच्या लोकांनी उपटल्या, जहाजांना वाट हवी म्हणून. त्या वर्षी मासळी नाही. बाप रोज शिव्या घालायचा."

"आणि तू?"

"मीही घालायचो. आणि धुराडी मोजायचो. चार धुराड्यांची आवडायची. दोन्ही एकदम."

सेकिने म्हणाला, "आमचा कॅप्टन पण तसाच होता. शिव्याही आणि प्रेमही."

किम हसला. या जहाजावर आल्यापासून पहिल्यांदा.

३० सप्टेंबर

हकिगत घेऊन स्वतः ठाण्यात गेलो. ठाणं म्हणजे आता तंबू. तोच कारकून, मोजे मात्र नाहीत. त्याचं घर पडलं, आई गेली. तरी कागद नीट चौकोनी रचून बसला होता.

वाचलं त्याने. दोन ओळींवर लाल रेघ मारली. पहिली : 'चिन्हे येथे मुक्काम, स्थानिक कोळ्यांची जाळी काढल्याने त्यांचे नुकसान झाले.' दुसरी : 'सप्टेंबर १९२३, एका बॉयलरवर, तीन माणसांनिशी, ११४ लोकांची सुटका व आराहामास पाणीपुरवठा.'

"पहिली मी लिहूच शकत नाही. आणि दुसऱ्या वेळी जहाज सेवेत नव्हतं, इसोगाईसान. सेवेत नसलेल्या जहाजाला सेवा-हकिगत नसते."

"पाणी प्यायलेल्यांना तहान तरी होती का, तेवढं लिहा."

त्याने टाक खाली ठेवला. फार थकलेला माणूस. "मी तुमच्या पाण्यातलं प्यायलोय," म्हणाला. "तिसऱ्या दिवशी. पण रेघ मारावीच लागते."

मग मी वेगळंच मागितलं. माझ्या आगवाल्याला घरी धाडायचा परवाना. त्याने टाक पुन्हा उचलला. म्हणाला, "बघतो. पण एकट्याला जाऊ देऊ नका."

१३ ऑक्टोबर

दोन कागद एकाच होडीतून आले.

एक : आसामोयाला १८ तारखेला ओढून नेणार, तोडायच्या गोदीत. राखणदाराने हजर राहून जहाज सोपवावं.

दुसरा : किम मानसोक यास शिमोनोसेकीमार्गे बुसानला जाण्यास परवानगी, १५ ते १९ तारखेपर्यंत वैध, सोबत जबाबदार व्यक्ती असल्यास. शिमोनोसेकीला पोचायलाच इथून तीन दिवस.

सेकिने दोन्ही कागद वाचून माझ्यापुढे ठेवून गेला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

किम म्हणाला, "मी पुढच्या परवान्याला जाईन. तुम्ही तुमच्या चहाजाबरोबर राहा."

"पुढचा परवाना कोण देणार? तुझा बाप?"

"बाप म्हातारा आहे. तो काही देणार नाही."

"मग गप्प बस आणि सामान बांध."

सगळा दिवस इंजिनघर पुसत होतो. दर झडप, दर नळी. किम न सांगता शेजारी येऊन पुसायला लागला. आधी काढून ठेवलेलं सगळं पितळही त्याने जागच्या जागी बसवलं. कंत्राटदाराला पुन्हा काढावं लागेल. लागू दे.

१८ ऑक्टोबर, शिमोनोसेकी

शिमिझुपर्यंत रसदीच्या बोटीने, पुढे आगगाडी. मी पूर्ण गणवेश चढवला होता, सगळी पदकं लावून. गळ्याचं बटण लागत नव्हतं. सेकिनेने दोऱ्याने बांधलं. ओकायामाला एका पोलिसाने डबा तपासला. किमकडे बोट करून मला विचारलं, "हा कोण?"

मी तोंड उघडायच्या आत किम उठून उभा राहिला. "किम मानसोक. आसामोयाचा आगवाला."

सबंध डबा वळून बघायला लागला. पोलिसाने माझी पदकं बघितली, परवाना बघितला, बराच वेळ बघितला. "हे जहाज कुठे आहे आता?"

"आपल्या कामावर," मी म्हटलं.

समोरच्या बाईने थोड्या वेळाने संत्री काढली आणि दोघांना एकेक दिलं. नुसतं संत्रं, पण किमने ते सोलायला अर्धा तास घेतला.

सकाळी दहाला बुसानची बोट. धक्क्यावर कोरियन माणसांची लांब रांग, डोक्याला पट्ट्या बांधलेली, हात गळ्यात अडकवलेली. दहालाच तिकडे नागाउरात आसामोयाची साखळी सोडणार होते. मी घड्याळ बघितलं आणि खिशात घातलं.

"चीफसाहेब, तुम्ही तिच्याबरोबर असायला हवं होतं."

"तिच्याबरोबर चोवीस वर्षं होतो. तुझ्याबरोबर दोन महिने. हिशेब तुझ्या बाजूने कच्चा आहे."

त्याने वाकून नमस्कार केला. मीही वाकलो, गणवेशात, सगळ्यांसमोर. वॉरंट अधिकाऱ्याने आगवाल्यापुढे. दोरा तुटला आणि कॉलर उघडली. तो फळीवरून बोटीवर चढला. बोटीच्या धुराड्याकडे बघून मला ओरडला, "एकच आहे!"

मी ओरडलो, "धूर काळा आहे! त्यांना कोळसा पसरायला शिकव!"

२१ ऑक्टोबर

नागाउरा. बोया रिकामा.

सेकिने धक्क्यावर दोन ट्रंका घेऊन बसला होता, एक त्याची, एक माझी. मी शेजारी बसलो. पाण्यावर तेलाचा तवंग अजून आहे.

"कशी गेली?" मी विचारलं.

"डावीकडे ओढत होती. नेहमीसारखी. ओढणाऱ्या टगबोटीचा माणूस शिव्या देत होता."

"सुकाणू सरळ बांधलं नसेल त्यांनी."

"मी बांधलं होतं. तरी ओढत होती." सेकिनेने नाक पुसलं. "टगच्या कप्तानाने विचारलं, राखणदार कुठेय? सही कोण करणार? म्हटलं, मी करतो, तो आगवाल्याला घरी पोचवायला गेलाय. तो म्हणाला, आज? आजच्या दिवशी? म्हटलं, हो. आज."

"मग काय म्हणाला?"

"काही नाही. टोपी काढली. मग भोंगा वाजवला, लांब. त्याला वाजवायची गरज नव्हती."

मी ट्रंक उचलली. टेकडीपलीकडे बेघर लोकांसाठी फळ्यांच्या खोल्या बांधल्या आहेत, तिथल्या सार्वजनिक हमामाचं पाणी तापत नाही म्हणून बोंब आहे. बॉयलर कुठल्याशा साबणाच्या कारखान्यातून उचलून आणलाय. वाटेत डोकावून आलो. भट्टीत कोळसा नुसता ढीग करून टाकलेला होता. मी कोट काढला आणि फावडं मागितलं.